वास्तू तथास्तु म्हणते

'नो टाइम फॉर गुडबाय' या लिनवुड बार्क्लेच्या कादंबरीची सुरुवात ज्याने एकदा वाचली, त्याला ती सहसा विसरता यायची नाही. साल १९८३. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, समुद्रकाठी वसलेले मिलफर्ड गाव. चौदा वर्षांची सिंथिया आदल्या रात्री एका वाह्यात पोराबरोबर, त्याच्या मोटारीत, दारू प्यालेली अशी बापाला सापडली आहे. बापाने तिला तेथून घरी आणले, कडाक्याचे भांडण झाले, आणि दार आपटून खोलीत जाण्यापूर्वी, तुम्ही मेलात तर सुटेन, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलून गेली. सकाळी जाग येते तेव्हा डोके जड आहे आणि घर शांत आहे. पहिली भीती बोलण्यांची. आता खाली गेले की आई काय म्हणेल, बाप काय शिक्षा करील, भाऊ कसा हसेल, याची ती मनाशी तयारी करते. मग हळूहळू तिच्या ध्यानात येते की बोलायला घरात कोणी नाही. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. चिठ्ठी नाही, रक्ताचा थेंब नाही, मोडतोड नाही. थोड्या वेळापूर्वी जी बोलणी चुकवावी असे तिला वाटत होते, त्याच बोलण्यांसाठी आता तिचा जीव कासावीस होतो. भीतीचे हे पालटणे लेखकाने अवघ्या काही पानांत आणि कोठेही आवाज न चढवता साधले आहे.

तिन्हीसांजेला घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे आपल्याकडे घरोघरीच्या आज्या सांगत आल्या. बार्क्लेला हा समज ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याची सारी कादंबरी या एका वाक्यावर उभी आहे असे मला वाचताना वाटत राहिले. कुटुंब कोठे गेले, हे कोडे आहे खरे. पण सिंथियाला पंचवीस वर्षे जे पोखरते ते कोडे नव्हे. आपण बोललो आणि तसेच झाले, हे तिला पोखरते. रहस्यकथेच्या लेखकाला कोडे सोडवता येते. हे दुसरे ओझे उतरवणे त्याच्या हाती असते का, हा या पुस्तकाविषयीचा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते पुस्तक तेथेच चुकते.

बार्क्लेचा जन्म १९५५ सालचा, अमेरिकेतला. पण तो वाढला कॅनडात. टोरांटोच्या 'स्टार' या वृत्तपत्रात तो वर्षानुवर्षे विनोदी सदर लिहीत असे, आणि त्याच्या पहिल्या कादंबऱ्याही हसतखेळत लिहिलेल्या होत्या. विनोदी लेखकाला संसारातल्या बारीकसारीक कुरबुरी चांगल्या ऐकू येतात, आणि या कादंबरीतील नवराबायकोंची बोलणी इतकी खरी वाटतात ती त्यामुळे. तरुणपणी त्याने रॉस मॅक्डोनल्डशी पत्रव्यवहार केला होता आणि त्याला तो गुरुस्थानी मानतो. मॅक्डोनल्डच्या गुप्तहेराचे नाव ल्यू आर्चर. सिंथियाच्या नवऱ्याचे आडनावही आर्चरच असावे हा योगायोग नसावा. मॅक्डोनल्ड वारला तेही १९८३ सालीच. एका पिढीचे पाप दुसऱ्या पिढीच्या अंगणात उगवते, ही मॅक्डोनल्डची जन्मभराची गोष्ट. शिष्याने तीच घेतली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली.

पंचवीस वर्षांनी कथा पुन्हा सुरू होते. मावशीने वाढवलेली सिंथिया आता चाळिशीकडे झुकली आहे. नवरा टेरी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. ग्रेस नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने जुने प्रकरण उकरून काढले आहे, आणि त्यामागोमाग नाना प्रकारची माणसे दारात येऊ लागली आहेत. त्यांत पैसे घेऊन अतींद्रिय दर्शन सांगणारी एक बाईदेखील आहे. पण मला या भागात सर्वांत आवडली ती ग्रेस. तिला दुर्बिणीतून आकाश पाहण्याचा नाद आहे. नाद म्हणजे हौस नव्हे; एखादा मोठा दगड आकाशातून येऊन पृथ्वीवर आदळणार नाही ना, हे ती रोज रात्री झोपण्यापूर्वी तपासून पाहते. आईची भीती मुलीत कशी उतरली हे सांगायला लेखकाने एक शब्दही वेगळा खर्च केलेला नाही. तीच गोष्ट शाळेत जाण्याची. ग्रेसला मैत्रिणींसारखे एकटीने शाळेत जायचे आहे. आईला ते सोसवत नाही. दोघी बरोबर आहेत, आणि मध्ये सापडलेला बाप कोणाचीही बाजू घेतली तरी चूकच ठरणार आहे. मी शाळामास्तर आहे. शाळेच्या फाटकाबाहेर, सोडून आत आलेल्या मुलाकडे पाहत उभ्या राहिलेल्या आया मी रोज पाहतो. त्यांतली प्रत्येक जण थोडीफार सिंथिया असते.

माणूस मेला की रडता येते, दहावे-तेरावे करता येते. नाहीसा झाला तर काय करायचे? हे दुःख मराठी वाचकाला नवे नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. ज्याचा देह नीट ओळखला गेला नाही त्याच्या जागी कोणीतरी उभा राहतोच. तसा भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने कोकणात बंड माजवले, आणि १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकच लिहिले. सिंथिया बाजारसंकुलात एका अनोळखी पुरुषाला पाहून हा आपला भाऊ टॉड असे समजून त्याच्या मागे लागते, तो प्रसंग वाचताना मला शनिवारवाड्यातल्या त्या बाईंची आठवण झाली. टेरी तेथे नुसता शरमेने उभा असतो. बायको जगासमोर वेडी ठरत आहे आणि तिला आवरणेही क्रूरपणाचे आहे, अशा वेळी नवऱ्याने काय करावे?

कथा या टेरीच्या तोंडून सांगण्यात बार्क्लेने मोठा शहाणपणा दाखवला आहे. सिंथियाच सांगती, तर तिच्याविषयी शंका घेता आली नसती. तिऱ्हाईत सांगता, तर ती शंका आपल्याला दुखली नसती. एके दिवशी घरच्या टेबलावर एक जुनी फेडोरा टोपी सापडते. सिंथिया म्हणते, ही माझ्या वडिलांची. घर बंद होते. मग ती आली कोठून? पुढे एक निनावी पत्र येते, त्यात दिलेल्या ठिकाणी दगडाच्या खाणीतल्या पाण्यातून एक मोटार निघते आणि मोटारीत सिंथियाची आई आणि भाऊ यांचे अवशेष. आणि ते पत्र, एका अक्षराच्या खोडीवरून टेरीच्या ध्यानात येते, त्याच्याच घरच्या टाइपरायटरवर छापलेले आहे. येथे वाचक थांबतो. दारे मोडून आत येणारा खुनी हा काही फार भयंकर प्राणी नाही. ज्या बायकोबरोबर आपण इतकी वर्षे एका ताटात जेवलो तिला आपण ओळखतो का, हा विचार अधिक भयंकर आहे. आणि तो विचार मनात आला याची लाज त्याहूनही. टेरी शंका बोलून दाखवत नाही आणि सिंथियाला ती न बोलता कळते. मुलीला घेऊन ती घरातून निघून जाते. कादंबरीतला हा मधला शंभरएक पानांचा भाग मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा तर कोडे ठाऊक असूनही वाचला.

शाळेचे प्रसंग त्यामानाने थोडे आहेत. पण जेन नावाची एक बंडखोर मुलगी, जिच्या निबंधात खरा कस आहे आणि जिच्याविषयी शिक्षक-खोलीत कोणी बरे बोलत नाही, तिला टेरी ज्या धिमेपणाने वागवतो तो अनुभवाशिवाय लिहिता येत नाही.

आता शेवटाविषयी. शेवट सांगितल्यावाचून या पुस्तकावर बोलता येत नाही. ज्यांना ते अजून वाचायचे आहे त्यांनी येथून पुढचे पान उलटावे हे बरे.

सिंथियाचा बाप फिरता विक्रेता होता. आठवड्यातले कितीतरी दिवस तो घराबाहेर असे, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. गुप्तहेर चौकशी करतो तेव्हा कळते की क्लेटन बिग या नावाचा माणूस सरकारी दप्तरात जन्मलेलाच नाही. सुमारे चारशे मैलांवर, नायगारा नदी जेथे सरोवराला मिळते तेथल्या यंगस्टाउन नावाच्या लहान गावात, त्याचे पहिले घर आहे, खरे नाव आहे, इनिड नावाची लग्नाची बायको आहे आणि जेरेमी नावाचा मुलगा आहे. इनिडला दुसऱ्या घराचा पत्ता लागला. १९८३ च्या त्या रात्री तिने सवतीला आणि सवतीच्या मुलाला मारले. मुलगी घरात झोपली होती म्हणून वाचली. क्लेटनने पुढे तिच्या जिवाच्या बदल्यात जन्मभर इनिडजवळ राहणे आणि गप्प बसणे पत्करले. गावाची पुरलेली गुपिते म्हणून पुस्तकाची जाहिरात झाली असेल, पण मिलफर्डचे असे गुपित फारसे काही नाही; ते सारे चारशे मैलांवरून आले. (एका मुख्याध्यापकाचेही जुने पाप अखेरीस बाहेर पडते. मुख्याध्यापकांविषयी माझे मत काहीही असो, हे पाप कथेला जड झाले आहे.)

हा उलगडा होतो कसा? मरणाला टेकलेला क्लेटन टेरीच्या शेजारी मोटारीत बसतो आणि रात्रभर सांगत सुटतो. कीर्तनकाराने पूर्वरंगातच सारे रंगवावे आणि उत्तररंगात नुसते आख्यान वाचून दाखवावे तसे हे झाले आहे. पण माझी तक्रार मांडणीविषयी नाही, न्यायाविषयी आहे. त्या लांबलचक कबुलीत क्लेटन एक दुबळा, गोड, फसलेला माणूस म्हणून आपल्यापुढे येतो. आणि इनिड? ती चाकांच्या खुर्चीत बसलेली कजाग राक्षसीण. प्रकरणांच्या मधून मधून एका अनामिक मुलाची आणि त्याच्या आईची फोनवरची बोलणी येतात. तीत ती जे बोलते ते ऐकून अंगावर काटा येतो, पण ती तशी का झाली हे कळत नाही. खून तिने केले हे मान्य. परंतु लग्नाची बायको ती होती, आणि फसवली गेली तीही होती. रामायणात कैकेयीला सगळे बोलतात; पण दशरथाला वर द्यायला कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे कथेला बसलेली साधी म्हातारीही आठवण करून देते. बार्क्लेच्या पुस्तकात ही आठवण करून देणारे कोणी नाही. दोन घरांत दोन नावांनी राहून दोन्ही बायकांशी, तीनही मुलांशी खोटे बोलणारा माणूस शेवटी वाचकाची कणव घेऊन जातो, आणि सगळे विष त्या खुर्चीतल्या बाईच्या पदरी पडते. मॅक्डोनल्डने असे केले नसते. त्याच्या 'द गॉल्टन केस' या १९५९ च्या कादंबरीतही हरवलेला वारस आहे, तोतया आहे, जुना खून आहे. पण तेथे एका बाईला राक्षसीण करून बाकीचे मोकळे सुटत नाहीत.

एक गोष्ट मात्र लेखकाच्या हातून, कदाचित त्याला पुरती न कळता, फार मोठी लिहून गेली आहे. आईने त्या रात्री टॉडला त्याच्या शाळेच्या कामासाठी जाड कागद हवा म्हणून दुकानात नेले होते, आणि निघण्यापूर्वी सिंथियासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. भांडण विसरू, माझा जीव आहे तुझ्यावर, अशा अर्थाची चिठ्ठी. म्हणजे निरोप घ्यायला वेळ नव्हता हे पुस्तकाचे नावच खोटे आहे. निरोप घेतला गेला होता. तो कोणाच्या हाती पडू नये म्हणून क्लेटनने चिठ्ठी उचलली आणि पंचवीस वर्षे जवळ ठेवली. त्याच वर्षांत त्याने मेहुणीच्या दारी गुपचूप पाकिटे पोचवली, सिंथियाच्या शिक्षणासाठी, एकूण ४२ हजार डॉलरांची. नोटा पाठवता आल्या. जिच्या एका ओळीने मुलीच्या डोक्यावरचा तो तथास्तु उतरला असता ती चिठ्ठी पाठवता आली नाही. इनिडने आईला मारले. पण आई रागावून गेली असे मुलीला जन्मभर वाटू दिले ते बापाने. कादंबरीच्या अगदी शेवटी ती चिठ्ठी सिंथियाच्या हाती येते, आपले डोळे ओले होतात, आणि लेखक पुस्तक मिटतो. बापाला याचा जाब विचारणारे एक वाक्य तिच्या तोंडी हवे होते. ते नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली हे पुस्तक अमाप खपले, आणि त्या खपात या ओल्या डोळ्यांचा वाटा मोठा असणार. तरी मला ते वाक्य हवे होते.

बार्क्लेने याच कुटुंबावर २०१४ साली 'नो सेफ हाउस' ही दुसरी कादंबरी लिहिली. रहस्यकथा म्हणून ती पहिलीच्या पासंगाला पुरत नाही. पण तीत सात वर्षे उलटली आहेत, आईची चिठ्ठी मिळून गेली आहे, खुनी उरलेले नाहीत, आणि ग्रेस चौदा वर्षांची झाली आहे. मुलीच्या काळजीपोटी सिंथिया तिच्यावर इतकी चिडू लागली आहे की काही दिवस ती नवऱ्याला आणि मुलीला त्या घरात ठेवून स्वतः भाड्याच्या खोलीत वेगळी राहायला गेली आहे.