हेर आणि विद्यार्थी

शत्रुराष्ट्रांनी एकमेकांकडे विद्यार्थी पाठवावेत, म्हणजे मने जवळ येतील, असे आपण सहज बोलून जातो. शीला फिट्झपॅट्रिक यांचे ‘अ स्पाय इन द आर्काइव्हज’ (२०१३) हे आत्मकथन वाचल्यापासून मला हे विधान फार भाबडे वाटू लागले आहे.

फिट्झपॅट्रिकबाई मूळच्या मेलबर्नच्या. ऑक्सफर्डला शिकत असता १९६६ साली त्या ब्रिटन व सोव्हिएत संघ यांच्यातील विद्यार्थी-विनिमयातून मॉस्कोला गेल्या. विषय होता क्रांतीनंतरचे पहिले शिक्षणप्रमुख लुनाचार्स्की. त्यांचे मेहुणे व एके काळचे चिटणीस इगोर सात्स यांचा बाईंवर लोभ जडला. उलट १९६८ साली ‘सोव्हेत्स्काया रोस्सिया’ या वृत्तपत्राने एका लेखावरून बाईंची गणना जवळजवळ हेरांतच केली. आणि तीही लेखक पुरुष आहे असे समजून!

हा आरोप खोटा होता; त्यामागची भीती मात्र अगदीच अनाठायी नव्हती. दुसऱ्याने झाकून ठेवलेले कागद हेर मागतो आणि संशोधकही मागतो. हेर ते आपल्या धन्याला गुपचूप देतो. संशोधक चारचौघांत मांडतो. दप्तरखान्याच्या राखणदाराला हा भेद कसा दिसावा?

बाईंच्या या अभ्यासातून ‘द कमिसारियट ऑफ एन्लायटनमेंट’ (१९७०) हा ग्रंथ निघाला. त्यात क्रांतीची आरती नाही, तशी राक्षसकथाही नाही. पैशाची ओढाताण आणि खात्याखात्यांतील तंटे सोसणारे एक शिक्षणखाते आहे. पुढे काही पाश्चात्त्य पंडितांना बाईंचे लेखन सोव्हिएत राजवटीविषयी फार सौम्य वाटले. मॉस्कोत त्या हेर ठरल्या, तर स्वपक्षात मवाळ. विनिमय सार्थकी लागल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. स्नेह किती वाढला हे कोणी मोजावे? दोन्ही यजमानांना गैरसोयीचे असे एक खरे पुस्तक मात्र हाती येते.

तथापि त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. बाईंना परत जायला ऑक्सफर्ड होते; सात्स यांना मॉस्कोतच राहायचे होते. परदेशी मुलीला घरात घेण्यातला धोका त्यांचा होता. म्हणून मला या आत्मकथनाचे खरे नायक तेच वाटतात. विनिमयाच्या करारावर सह्या सरकारे करतात. तो पाळतात अशी माणसे.