चौकशीचे नाट्य : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे पुनर्वाचन

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा ‘कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ’ ही संज्ञा आपल्या कायद्यात नव्हती. काटेकोर अर्थाने नाटकाचा विषयही तो नाही. लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका आहे, तिला दिवस गेले आहेत. आणि त्याला जबाबदार असलेला प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाही. समीक्षेने या नाटकात मध्यमवर्गीय नीतिमत्तेतील दंभ पाहिला, तो यथार्थच आहे. तथापि स्त्रीविषयक चौकशी कशी होऊ नये, याचे शास्त्रही या नाटकात दडलेले आहे. आज त्याकडे वळणे अगत्याचे वाटते.

अभिरूप न्यायालयाची रचनाच पाहावी. काशीकर न्यायाधीश आहे आणि प्रसंगी न्यायासन सोडून साक्षीदारही होतो. सुखात्मे एकटाच फिर्यादीचा आणि आरोपीचाही वकील आहे. परगावचा सामंत हातातील कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि ती कल्पित साक्षच पुढे पुरावा ठरते. सहकाऱ्यांतील खाजगी कुजबुज उघड्यावर मांडली जाते. बेणारेची नोकरी काढून घेण्याची भाषा होते. गैरहजर दामल्याची उलटतपासणी मात्र कोणालाच करता येत नाही. प्रश्न कृत्याविषयी राहत नाही, तो स्त्रीच्या चारित्र्याविषयी होतो.

राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका कार्यकर्तीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतरच्या याचिकेतून १९९७ चा ‘विशाखा’ निवाडा आणि पुढे २०१३ चा अधिनियम आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्या प्रमुखपदी ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नसतील इतक्या महिला, एक बाहेरचा सदस्य आणि कामकाजाची गोपनीयता या तरतुदी बेणारेच्या खटल्यातील दोषांसमोर ठेवून वाचाव्यात. काशीकरांना आवर घालण्यासाठीच त्या लिहिल्या असाव्यात, असे वाटू लागते.

परंतु नाटक कायद्याच्याही पुढे जाते. अखेरीस आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. त्यानंतरच्या बेणारेच्या प्रदीर्घ स्वगतात इतर पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. प्रेक्षक सारे ऐकतात, न्यायासन काहीच ऐकत नाही. आणि निकाल ठरल्याप्रमाणे दिला जातो. आजचा अधिनियम चौकशीला नव्वद दिवस देतो. ही प्रगती लहान नव्हे. मात्र समितीची घटना नियमानुसार झाली, मुदती पाळल्या गेल्या, तरी समोरच्या बाईचे म्हणणे गोठलेल्या चेहऱ्यांनीच ऐकले जाणार असेल, तर त्या नव्वद दिवसांचे मोल दहा सेकंदांहून अधिक ठरत नाही. ऐकण्याची तयारी कोणत्याही कलमाने निर्माण होत नाही. तिची उणीव डोळ्यांना दाखविणे, एवढे कार्य या नाटकाने केले आहे.