बाटलीतले फुगे आणि वर्गातला दमा

श्वसनाचा धडा आला की एक प्रतिकृती हमखास टेबलावर येते. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातून आत सोडलेली दोन शाखांची नळी, शाखांच्या टोकांना दोन फुगे आणि तळाशी ताणून बांधलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की आकसतात. मुले खूष, शिक्षक खूष.

या प्रतिकृतीशी आमचे पूर्ण भांडण नाही. फुप्फुसे हवा ओढत नाहीत. छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब कमी होतो म्हणून हवा आत शिरते, ही अवघड गोष्ट ती चार रुपयांच्या सामानात दाखवते. खरे श्वासपटल सपाट नसून घुमटासारखे असते, फुप्फुसांभोवती अशी मोकळी जागा नसते, बरगड्या हलतात, हे सारे दोष सांगून भागवता येतात. न भागणारा दोष नळीचा आहे. ती कडक आहे. तिचा व्यास कधीच बदलत नाही. त्यामुळे वर्गातल्या ज्या मुलाला दमा आहे, त्याच्या छातीत काय होते याबद्दल ही बाटली मुकी राहते.

दम्यात बिघाड फुग्यांत नसतो, पडद्यातही नसतो. तो बारीक श्वसननलिकांत असतो. त्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट स्राव साठतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे पॉइझ्वीयचा नियम आठवावा: संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, १६ पट होतो. शिवाय श्वास घेताना या नलिका थोड्या रुंदावतात आणि सोडताना अरुंद होतात. म्हणजे अडचण मुख्यतः हवा बाहेर टाकण्याची. धाप लागलेल्या मुलाला आपण 'दीर्घ श्वास घे' म्हणतो, तेव्हा त्याची छाती आधीच अडकलेल्या हवेने भरलेली असते.

आम्ही नळी बदलून पाहिली. दोन्ही शाखांना मऊ रबरी नळीचे सारखे तुकडे जोडले आणि एकावर चिमटा थोडा आवळला. पडदा सावकाश ओढला तर दोन्ही फुगे भरतात. झटकन सोडला की मोकळ्या बाजूचा फुगा लगेच लोळतो, चिमट्याचा मागे रेंगाळतो. भराभर ओढून-सोडून पाहिले, तर चिमट्याचा फुगा जेमतेम हलतो. धावून आलेल्या मुलाची हीच स्थिती.

औषधांचा घोळही येथे सुटतो. सालब्युटामॉलचा पंप म्हणजे चिमटा सैल करणे. काही मिनिटांत आराम. पण अस्तराची सूज तशीच राहते. ती उतरवायला श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉईड लागते, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे जातात. बरे वाटते म्हणून पालक बंद करतात ते नेमके हेच औषध. 'पंपाची सवय लागते' हा समज तर शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. चष्म्याबद्दल असे कुणी म्हणत नाही! दम्याविषयीच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्यांना व किशोरांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये असे सांगितले आहे, ते या सुजेमुळेच.

आमच्या दुरुस्त बाटलीतही सूज दिसत नाही, स्राव दिसत नाही. तो दावा आम्ही करत नाही. खडूची धूळ, सर्दी, थंड हवा, उदबत्तीचा धूर यांनी कुणाचा चिमटा आवळेल हेही ती सांगणार नाही. ते त्या मुलालाच विचारावे लागते. वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर विचारत न बसता पंप देऊन, बसते ठेवूनच दवाखाना गाठायचा.

आम्ही पाहिलेल्या एका शाळेत ही बाटली वर्गाच्या कपाटात होती, आणि मुलाचा पंप दोन जिने खाली, कार्यालयात कुलपात.