विचारावी न लागणारी वाट

वाट दाखवणाऱ्या पुस्तकांना समीक्षेच्या पंगतीत बसवण्याची आपल्याकडे चाल नाही. ती रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी फळीवर पडून राहतात. निकोलस अल्बेरी यांनी सिद्ध केलेले 'टाइम आउट बुक ऑफ कंट्री वॉक्स' (१९९७) मात्र मी गद्याचा एक नमुना म्हणून वाचत आलो आहे, आणि त्याच अंगाने त्याविषयी लिहावेसे वाटते.

लंडनच्या आसपासच्या ५२ पायी सहली यात आहेत. वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला एक. बऱ्याच सहलींची रीत अशी : आगगाडीने एका गावी उतरायचे, शेतांतून, टेकड्यांवरून चालत दुसरे गाव गाठायचे आणि तिथून परतीची गाडी धरायची. अ‍ॅरंडेल ते अँबर्ली हे अंतर रेल्वेने एका स्थानकाचे, काही मिनिटांचे. अल्बेरी त्याचा दिवस करतात. दुपारचे जेवण कोणत्या पबात, शेवटचा चहा कुठे, हेही ठरलेले.

या गद्यात 'मी' नाही. आपल्या प्रवासवर्णनांत लेखक चौकटीच्या मध्यभागी उभा असतो आणि देखावा त्याच्या खांद्यामागून डोकावतो. इथे लेखक बाजूला होतो. फाटक ओलांडा, कुंपणाच्या कडेने चला, होकायंत्राच्या इतक्या अंशांवर वळा. वाक्य चुकले तर वाचक चिखलात जाईल, ही जबाबदारी प्रत्येक क्रियापदावर आहे. इतक्या जोखमीचे गद्य आपण कितीसे लिहितो?

पण या आज्ञार्थामागे कायद्याचे पाठबळ आहे. इंग्लंडमध्ये खासगी शेतातूनही सार्वजनिक पायवाट जाते, आणि १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नोंद अधिकृत नकाशांवर करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झाले. म्हणून 'शेत ओलांडा' असे निःशंकपणे लिहिता येते. आपल्याकडे त्याच दोन शब्दांवरून भाऊबंदकी पेटते. वहिवाटीचे दावे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यापासून चालत आलेले आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. वर्णन इतके नेमके, की वाटेत कुणाला काही विचारावेच लागत नाही. चर्च दिसते, जुना वाडा दिसतो, त्यांचा इतिहासही कळतो. शेतात राबणारा माणूस क्वचितच दिसतो. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आठवावी. नर्मदेच्या परिक्रमावासीयाला दर मुक्कामी कुणाचे तरी दार लागते, आणि त्या दारांतूनच माणसे कथेत येतात. अल्बेरींच्या चालणाऱ्याला दार लागते ते पैसे मोजून जेवण्याचे.

तरी न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणत्या शनिवारी कोणती सहल आणि कोणती गाडी, हे पुस्तकातच नेमून दिल्यामुळे अनोळखी वाचक एकाच डब्यात भेटू लागले. त्यातून सॅटर्डे वॉकर्स क्लब उभा राहिला. त्याला पुढारी नाही. प्रत्येकाच्या हातात पुस्तक, तेच पुढारी. गावकऱ्याशी बोलणे ज्याने अनावश्यक केले, त्याच पुस्तकाने शहरातल्या एकट्या माणसांना एकमेकांशी बोलते केले. हा पेच अल्बेरींच्या ध्यानात आला होता की नाही, पुस्तकावरून समजत नाही. २००१ साली मोटार अपघातात ते गेले.

बेळगावहून लोंढ्याकडे जाताना देसूर, इदलहोंड, खानापूर ही स्थानके लागतात आणि दर वेळी हे पुस्तक मनात येते. पाणंद, बांध, पायवाट, आडवाट; शब्द आपल्याजवळ भरपूर आहेत. पण इथली वाट माणसांच्या तोंडी असते. तेव्हा 'पुढच्या खळ्यावर विचारा' हे वाक्य आपल्या पुस्तकात घालावेच लागेल, आणि मराठीत विचारलेल्याचे उत्तर कानडीत आले तर डावे-उजवे कसे ओळखायचे, तेही.