मेंदूतील रक्तस्राव व अपुरा रक्तपुरवठा : प्राणी-प्रारूपांची चिकित्सा

प्रस्तावना :
पक्षाघाताचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात रक्तवाहिनी तुंबून मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, तर दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. दोहोंचा अभ्यास प्रामुख्याने उंदरांवर केला जातो. तेथील निष्कर्ष मानवाला कितपत लागू पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रारूपे व त्यांच्या मर्यादा :
रक्तपुरवठा खंडित करण्यासाठी मानेतील धमनीतून नायलॉनचा बारीक धागा सरकवून मेंदूच्या मध्य धमनीचे मुख बंद केले जाते. १९८९ मध्ये लाँगा व सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत सर्वाधिक प्रचलित पद्धतींपैकी एक आहे. तीत कवटी उघडावी लागत नाही. मात्र धागा काढताच रक्त एकदम वाहू लागते. मानवी मेंदूतील गुठळी औषधाने हळूहळू विरघळते.

रक्तस्रावासाठी १९९० मध्ये रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी कोलॅजिनेज हे विकर वापरले. त्याने वाहिनीची भित्ती विरून रक्तस्राव होतो; परंतु विकर स्वतःही दाह वाढवू शकते. प्राण्याचेच रक्त मेंदूत टोचल्यास हा दोष टळतो. पण मग वाहिनी फुटणे व स्राव वाढत जाणे या मूळ घटनाच वगळल्या जातात. शिवाय प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी, तर रुग्ण बहुधा वृद्ध व दीर्घकाळ रक्तदाबाने ग्रस्त असतो.

अपयशाचा अर्थ :
'एनएक्सवाय-०५९' हे औषध उंदीर व मार्मोसेट माकडांत गुणकारी ठरले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मानवी चाचणीत ते निष्फळ ठरले. दोष केवळ प्राण्यांचा होता काय? २००८ च्या पुनर्विलोकनात असे दिसले की, ज्या प्रयोगांत यादृच्छिक निवड व निरीक्षकापासून गटाची गुप्तता पाळली नव्हती, त्यांत औषधाचा गुण अधिक भासला होता. उलटपक्षी, गुठळी विरघळविणारे टीपीए १९८५ मध्ये सशांत उपयुक्त ठरले आणि १९९५ च्या मानवी चाचणीतही यशस्वी झाले. तेथे सशाच्या मेंदूत प्रत्यक्ष गुठळीच सोडली होती आणि प्रश्नही गुठळीचाच होता.

समारोप :
सारांश, प्रारूप सर्वार्थाने खरे वा खोटे नसते. ते विशिष्ट प्रश्नापुरते योग्य वा अयोग्य असते. आपल्या संस्थांतील प्राणी नैतिकता समित्यांनी प्राण्यांची संख्या तर तपासावीच; त्याबरोबरच यादृच्छिकता व गुप्तता यांचीही विचारणा करावी. सदोष आराखड्यात प्राण्याचा जीव व्यर्थ जातो आणि रुग्णाची आशाही.