होकाराचा अर्थ : ‘एफ’ मापनश्रेणीची भाषा

राजकीय मताच्या मुळाशी व्यक्तिमत्त्वाची घडण असते, हा सिद्धांत ‘द अथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ (१९५०) या ग्रंथाने जितक्या विस्ताराने मांडला, तितका त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल. अडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्सविक, लेव्हिन्सन आणि सॅनफर्ड यांच्यापुढे नाझी जर्मनीचा अनुभव होता. तपासली मात्र अमेरिकेतील, बहुतांशी मध्यमवर्गीय, माणसे. कठोर शिस्तीत वाढलेले मूल आईबापांवरचा राग गिळते आणि पुढे तोच दुर्बल समाजगटांवर काढते, हे त्यांचे विवेचन आजही खिळवून ठेवते. ते ज्या प्रश्नावलीवर उभे आहे, तिची वाक्यरचना मात्र तितकीशी भक्कम नाही.

‘एफ’ मापनश्रेणीतील सर्व विधाने एकाच दिशेची आहेत. सहमती दर्शविली की अधिकारशाही वृत्तीचे गुण वाढतात. त्यांतील कित्येक विधाने तर सुभाषितांच्या थाटाची आहेत, आणि सुभाषिताला मान डोलावणारा प्रत्येक जण त्याच्या आशयाशी बांधील असतोच असे नाही. विचारणारा विद्यापीठातला आणि उत्तर देणारा अल्पशिक्षित असला, म्हणजे होकारात मत किती नि अदब किती, हे आकड्यावरून कळत नाही. (मराठी संभाषणातील ‘हो, हो’ हा पुष्कळदा नुसता हुंकार असतो, अशा श्रेणीचे मराठीकरण करणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.) शिक्षणाच्या परिणामाकडे झालेले दुर्लक्ष हायमन व शीट्सली यांनी १९५४ साली दाखवून दिलेच होते.

उलट विधाने घालून तोल साधण्याचा उपाय पुढे योजला गेला; ऑल्टमायर यांच्या १९८१ च्या श्रेणीत तो पद्धतशीरपणे आढळतो. परंतु ‘आज्ञापालन हा श्रेष्ठ गुण आहे’ याच्या उलट काय? ‘तो श्रेष्ठ गुण नाही’, की ‘अवज्ञा हा श्रेष्ठ गुण आहे’? पहिला नुसता नकार, दुसरा स्वतंत्र दावा. मूळ विधान आणि हा दुसरा दावा, दोन्ही नाकारणारा माणूस मुळीच विसंगत बोलत नसतो.

सामाजिक परिस्थितीचे महत्त्व ग्रंथकारांनी नाकारलेले नाही, तरी असंतोषाच्या बाबतीत त्यांचे साधन विशेष तोकडे पडते. गुप्तपणे शिजणाऱ्या कटांचा आपल्या जीवनावर ताबा असतो, अशा आशयाचे एक विधान श्रेणीत आहे. त्याला दिलेली सहमती ग्रंथकारांच्या लेखी अंतर्मनातील भयाचे बाह्य जगावर केलेले आरोपण ठरते. एखाद्याच्या बाबतीत ते खरेही असेल. पण मालकांनी आपसांत संगनमत करून वेतन दाबून धरल्याचे पाहिलेला कामगार तेच विधान अनुभव म्हणून मान्य करील, आणि श्रेणीवर दोघांना मिळणारे गुण सारखेच असतील.