‘हिअर कम्स द बस’: क्रियाविशेषण आणि सर्वनाम

आज एकच वाक्य नीट बघू. बस येताना दिसली की इंग्रजीत म्हणतात, ‘हिअर कम्स द बस’. क्रियाविशेषण आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. पण बसच्या जागी ‘इट’ आलं की ‘हिअर कम्स इट’ चालत नाही. ‘हिअर इट कम्स’ म्हणावं लागतं. का बरं?

शाळेत आपल्याला सांगतात, कर्ता सर्वनाम असेल तर क्रम उलटत नाही, पाठ करा. आमची तक्रार आहे ती इथे. कारण हा नियम अपुरा आहे. ‘हिअर कम्स समबडी’ हे वाक्य बरोबर आहे, आणि ‘समबडी’ सर्वनामच आहे की!

म्हणजे प्रश्न शब्दाच्या जातीचा नाही, माहितीचा आहे. इंग्रजी वाक्य नवी गोष्ट शेवटाकडे ठेवतं. बस नवी, कुणीतरी येतंय हेही नवं. ‘इट’ मात्र ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक. ‘पिक अप द बुक’ चालतं, ‘पिक अप समथिंग’ही चालतं, पण ‘पिक अप इट’ नाही. तिथे ‘पिक इट अप’च हवं. कारण तेच. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या मोठ्या व्याकरणात या प्रवृत्तीला ‘एंड-फोकस’ म्हटलंय.

मराठीत आपण ‘आली बस’ म्हणतो, तसंच ‘आली ती’ही सहज म्हणतो. त्यामुळे आपल्या मुलांना इंग्रजीतली ही अडचण आपसूक जाणवत नाही. तेव्हा ‘पिक अप इट’वर लाल रेघ मारताना शेजारी हे कारणही लिहू या.